घरचा दवाखाना आणि नवा उपस्थाता

वैद्याचे घर आणि वैद्याचा दवाखाना ही दोन वेगळी ठिकाणे असावीत, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. ओसरीवर रुग्णांची बैठक, आतल्या खोलीत खल आणि बरण्या, स्वयंपाकघरात मंद आचेवर ठेवलेला काढा, अशी घरे आपल्यापैकी अनेकांनी वडिलांच्या किंवा गुरुजींच्या काळात पाहिली आहेत. म्हणूनच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला, तेव्हा त्यातील ‘घर’ आपल्याला नवे नव्हते. नवे होते ते हातातील यंत्र. या यंत्राने आपले काम सुकर केले की कामाचा नेमकेपणा आणि घराची स्वस्थता दोन्ही हिरावून घेतली, याचा विचार आता शांतपणे करता येईल.

देऊळगाव राजा हे जालना–चिखली मार्गावरील तालुक्याचे गाव. येथील अनेक कुटुंबांतील मुले शिक्षण आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असतात. आश्विनात बालाजीच्या यात्रेला ती गावी येतात, तेव्हा आवर्जून नाडी दाखवून जातात. पुढील वर्षभर त्यांचा दवाखाना म्हणजे दूरध्वनी. दुसरीकडे, तालुक्यात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी उभारलेली शेडनेट आहेत. हंगामात परागीकरणाच्या कामाला जाणाऱ्या स्त्रियांना सकाळच्या वेळी दवाखान्यात येणे शक्य नसते. अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांना मोबाइलमुळे वैद्य जवळ आला, हे नाकारता येणार नाही. परंतु वैद्य जवळ येणे आणि परीक्षण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चतुष्पादात यंत्राचे स्थान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. मोबाइल, संगणक आणि त्यांवरील नानाविध सुविधा यांना या चौकटीत कोठे बसवावे? माझ्या मते त्यांचे स्थान उपस्थात्याचे आहे, आणि तेवढेच आहे. उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग, आणि शौच. यंत्राजवळ दाक्ष्य भरपूर आहे. ते विसरत नाही, थकत नाही, सांगितलेल्या मिनिटाला आठवण करून देते. उपचारज्ञता आपण शिकवू तेवढीच असते. अनुराग मुळीच नाही. शौच आपण पाळले तरच राहते. ज्या सेवकात चारांपैकी एकच गुण उपजत आहे, त्याच्यावर कोणते काम सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हे ठरविणे भिषकाचेच कर्तव्य होय.

हे कर्तव्य चुकल्यास काय होते, याचा अनुभव मला स्वतःला आला आहे. एका रात्री साडेनऊच्या सुमारास जेवत असताना पुण्यातील एका तरुणाचा संदेश आला. ‘बाबांना पुन्हा पित्त झाले आहे, छातीत जळजळते, मागचेच औषध देऊ का?’ वडील आमच्या तालुक्यातील एका खेड्यात राहणारे, अम्लपित्ताचे जुने रुग्ण. मी डाव्या हाताने ‘द्या’ असे लिहिले आणि जेवण पुरे केले. अर्ध्या तासाने मनाला रुखरुख लागली, म्हणून थेट वडिलांनाच फोन लावला. त्यांना एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. घाम आला आहे का, असे विचारताच ‘सदरा भिजला’ एवढेच म्हणाले. शेजाऱ्यांना सांगून त्यांना तत्काळ जालन्याला हलविले. निदान हृदयविकाराच्या झटक्याचे झाले. ते वाचले, यात्रेत भेटतातही. परंतु तो अर्धा तास मी वाया घालविला होता, ही जाणीव अद्याप गेलेली नाही.

या प्रसंगात यंत्राने आपले काम चोख केले होते. संदेश क्षणात पोहोचविला, उत्तरही क्षणात पोहोचविले. दोष होता तो परीक्षण न करता दिलेल्या उत्तरात. उपस्थात्याने आणलेला निरोप मी रुग्णाचे कथन समजून स्वीकारला.

प्रश्न, दर्शन, स्पर्शन

त्रिविध परीक्षेच्या दृष्टीने पाहता दूरध्वनीवरून प्रश्नपरीक्षा बऱ्याच अंशी साधते, चलचित्राद्वारे दर्शनपरीक्षा काही अंशी साधते आणि स्पर्शनपरीक्षा मुळीच साधत नाही. जिव्हेचे छायाचित्र खोलीतील दिव्यानुसार पिवळसर वा निळसर दिसते. त्वचेचा वर्ण, शोथाचे स्वरूप यांबाबतही तसेच. नाडी, उदराचा काठिण्यभाव, ज्वराचा स्पर्श यांना पर्याय नाही. मात्र प्रश्नपरीक्षेतही एक अट आहे. रोग्याच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा गुण सांगितला आहे. हे ज्ञापकत्व रोग्याचे हवे, त्याच्या मुलाचे किंवा शेजाऱ्याचे नव्हे. त्या रात्रीनंतर मी एक नियम केला. रुग्णाचा स्वतःचा आवाज ऐकल्याखेरीज औषध सांगावयाचे नाही. छाती, श्वास, शुद्ध हरपणे, रक्तस्राव, गर्भिणी आणि तान्हे मूल यांपैकी काहीही असल्यास दूरध्वनीवरून चिकित्सा नाही, फक्त ‘तत्काळ जवळच्या रुग्णालयात न्या’ हा सल्ला.

आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरस्थ चिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्येच प्रसृत झाली आहेत. रुग्णाची ओळख पटविणे, त्याची संमती असणे, व्यवस्थापत्रावर आपला नोंदणी क्रमांक देणे आणि सल्ल्याची नोंद जतन करणे, ही त्यांतील मूलभूत अंगे प्रत्येकाने मुळातून वाचावीत. माझा आणखी एक आग्रह आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक, जयपाल, पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला इत्यादी द्रव्ये समाविष्ट आहेत. ती असलेल्या आभ्यंतर कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. जेथे देखरेख म्हणजे केवळ एक निळी खूण, तेथे असे कल्प देऊ नयेत.

वेळेची मर्यादा

घरून काम करणाऱ्याची कार्यक्षमता घटते ती आळसामुळे क्वचितच. बहुधा ती कामाला कड नसल्यामुळे घटते. दवाखाना बंद करून घरी जाणाऱ्याचे काम कुलूप लावताच थांबते. ज्याचे घरच दवाखाना आहे आणि दवाखाना खिशात आहे, त्याचे काम थांबतच नाही. सकाळी शुभेच्छांचे संदेश, दुपारी विक्री प्रतिनिधींचे दूरध्वनी, रात्री समूहांतील वाद, आणि या गर्दीत कोठेतरी एखाद्या रुग्णाचे ‘घोट्यावर सूज आली आहे’ हे वाक्य. आपण रुग्णांना दिनचर्या सांगतो, रात्रिजागरणाचे दोष समजावतो, आणि स्वतः मात्र उशाशी प्रकाशणारा मोबाइल ठेवून निजतो.

मी गेली काही वर्षे पाळत असलेला क्रम येथे नमूद करतो. तो सर्वांना जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. रुग्णांसाठी स्वतंत्र क्रमांक ठेवला. त्यावर एकही समूह नाही. दूरस्थ सल्ल्याची वेळ दुपारी चार ते पाच. शेडनेटवरून परतणाऱ्या स्त्रियांसाठी हंगामात ती सायंकाळी साडेसहाला नेतो. त्या क्रमांकावर व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक आवृत्तीतील स्वयंचलित उत्तराची सोय केली आहे. वेळेबाहेर संदेश येताच सल्ल्याची वेळ आणि ‘छातीत दुखणे, धाप लागणे असल्यास संदेश न पाठविता रुग्णालयात जावे’ ही सूचना आपोआप जाते. संदेश लिहून चिकित्सा करीत नाही. ठरलेल्या वेळी बोलतो आणि नंतर व्यवस्थापत्र पाठवितो. प्रत्यक्ष रुग्ण समोर बसलेला असताना यंत्र खणात असते. हा क्रम लावल्यावर प्रारंभी काही रुग्ण रुष्ट झाले, पण महिन्याभरात बहुतेकांना सवय झाली. रुग्णसंख्या घटली नाही. घटली ती माझी चिडचिड.

नोंद आणि ग्रंथ

यंत्राचा खरा लाभ नोंदीत आहे. आपली रुग्णपत्रिका दीर्घ असते. प्रकृती, अग्नी, कोष्ठ, निद्रा, हेतू हे सर्व लिहिताना हात थकतो आणि मग आपण संक्षेप करतो. आता मोबाइलवर मराठीत बोलले की अक्षरे उमटतात. रुग्ण उठताच दोन मिनिटे बोलावे, नंतर एकदा वाचून दुरुस्त करावे. ‘आमवात’चे ‘आम वाद’ होते, म्हणून वाचणे अनिवार्य. रोगनामे एकसारखी लिहिण्याचाही अभ्यास ठेवावा. २०१७ मध्ये आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ संकेतस्थळावर प्रमाणित रोगसंज्ञा उपलब्ध झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी संज्ञांचा विभाग जोडला गेला. आपल्या ओसरीवरील नोंद या संज्ञांत असेल, तर ती उद्या कोणासही वाचता येईल. अन्यथा आपला अनुभव आपल्याबरोबरच संपेल.

ग्रंथाध्ययनालाही साहाय्य झाले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थानाने संहिता आणि निघंटू संगणकावर शोधण्याजोग्या स्वरूपात दिले आहेत. एखादा शब्द कोठे कोठे आला आहे हे पाहण्यास पूर्वी संध्याकाळ जात असे, आता काही क्षण पुरतात. वाचलेली संध्याकाळ मात्र तो अध्याय मागेपुढे वाचण्यास द्यावी, कारण अधिकरण सोडून उचललेले वचन दिशाभूल करते. प्रश्न विचारताच उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत तर अधिकच सावधता हवी. ती साधने प्रसंगी नसलेला श्लोकही आत्मविश्वासाने रचून देतात. मुद्रित ग्रंथात पडताळल्याशिवाय असे वचन रुग्णावर वा लेखात वापरू नये.

फार्मसीधारकांसाठी

द्रव्याच्या गुणांत विपुलता, योग्यता, अनेकविध कल्पना आणि संपत् हे चार सांगितले आहेत. पहिला आणि चौथा यांत यंत्र साहाय्य करते. साधा संगणकीय तक्ता घ्यावा. कल्पाचे नाव, निर्मिती गट क्रमांक, मुदत, शिल्लक आणि पुरवठादार असे पाच रकाने पुरेत. मुदतीनुसार तक्ता लावला की कोणती बरणी आधी संपवावयाची हे स्वतःच दिसते. औषधनिर्मात्यांना अनुसूची टी अन्वये उत्पादनाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्या रोजच्या रोज भरल्यास तपासणीच्या आदल्या रात्री घरभर कागद पसरावे लागत नाहीत. ग्राहकांना पाठविल्या जाणाऱ्या जाहिरातींविषयी एक इशारा. मोबाइलवरील ‘स्टेटस’ हीदेखील जाहिरातच होय. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ तिला लागू नाही, असे समजू नये. मधुमेह समूळ बरा करण्याचे वचन भिंतीवर रंगविले काय आणि पडद्यावर झळकविले काय, सारखेच.

शौच

शौच म्हणजे येथे रुग्णाच्या गोष्टी स्वच्छ आणि झाकलेल्या राखणे. घरातील मोबाइल मुलांच्या हाती जातो, संगणकावर पाहुणा बसतो. रुग्णाची छायाचित्रे कुटुंबाच्या छायाचित्रांत मिसळतात. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण कायद्याआधीही वैद्याच्या ओसरीवरील गोष्ट ओसरीबाहेर जात नसे, ही आपली परंपराच आहे. दवाखान्याच्या यंत्राला स्वतंत्र परवलीचा शब्द असावा, नोंदींची प्रत आठवड्यातून एकदा निराळ्या साठवण साधनात काढून कुलपात ठेवावी आणि रुग्णाचे छायाचित्र त्याच्या अनुमतीशिवाय कोणत्याही समूहात चर्चेस ठेवू नये. आणि एक वही जवळ असू द्यावी. वीज गेली, तरी वही उघडते.

उत्तम सेवक लाभला म्हणजे वैद्याचा वेळ वाचतो. तो वेळ आणखी संदेश वाचण्यात गेला, तर सेवक असून नसल्यासारखा. तो समोर बसलेल्या रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवण्यात गेला, ग्रंथ उघडण्यात गेला, किंवा वेळेवर निजण्यात गेला, तर घरचा दवाखाना पूर्वीइतकाच समर्थ राहील. त्या वृद्ध गृहस्थांची नाडी मी दरवर्षी यात्रेत पाहतो. त्यांच्या मुलालाही बजावून ठेवले आहे, ‘बाबांचे दुखणे मला त्यांच्याच तोंडून ऐकू दे.’ इत्यलम्.