फुकट संभाषणाचा खर्च कोणाच्या माथी?

परदेशी दूरध्वनी करायचा म्हणजे घड्याळाकडे डोळा ठेवून बोलायचे, हा अनुभव मराठी घरांतून अजून विस्मरणात गेलेला नाही. पीसीओच्या काचेच्या खोलीत मिनिटागणिक आकडे पुढे सरकत आणि ख्यालीखुशाली विचारून होण्याआधीच रिसीव्हर ठेवावा लागे. भारतात १ एप्रिल २००२पासून इंटरनेटवरील दूरध्वनीला परवानगी मिळाली. मात्र संगणकावरून देशातील साध्या फोनवर बोलण्यास मनाई होती. संगणकावरून संगणकाशी बोलण्यास आडकाठी नव्हती. पुढच्याच वर्षी या मोकळ्या वाटेवर ‘स्काइप’ अवतरले आणि ‘फुकट बोलणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला.

वस्तुतः फुकट असे काहीच नसते. इंटरनेटवरून बोलण्याचे सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांपुढील खरा प्रश्न खर्च नाहीसा कसा करावा हा नसून, तो कोणी व कोणत्या रूपात सोसावा हा असतो. स्काइपचा इतिहास त्याचे बोलके उदाहरण आहे.

आवाजाचे तुकडे

साध्या दूरध्वनीत संभाषण चालू असेपर्यंत एक मार्ग त्या दोघांसाठी राखून ठेवलेला असतो. इंटरनेटवर तशी सोय नाही. तेथे आवाजाचे छोटे तुकडे करून ते ‘पॅकेट’च्या रूपाने धाडले जातात. दूरध्वनीच्या प्रचलित पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो व त्यातून सेकंदाला ६४ किलोबिट माहिती तयार होते. सर्वसाधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरतात. म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे. प्रत्येक पॅकेटावर पत्ता, क्रमांक आदी तपशिलाचे ४० बाइट चढतात. हा केवळ पत्त्याचा भारच सेकंदाला १६ किलोबिट होतो. ५६ किलोबिटच्या मोडेमवर एवढे सारे मावणे अशक्यच. म्हणून आवाज आक्रसून लहान करणारा ‘कोडेक’ हा या सॉफ्टवेअरचा प्राण ठरतो.

शिवाय पॅकेटे वाटेत हरवतात, मागेपुढे होतात. ईमेलमध्ये हरवलेला भाग पुन्हा मागवता येतो. संभाषणात तो येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. त्यामुळे हरवलेल्या तुकड्याची जागा अंदाजाने भरून काढली जाते. पॅकेटे क्षणभर थोपवून, ओळीने लावून मग ऐकवली जातात. मात्र हे थोपवणे फार लांबले तर दोघेही एकदम बोलू लागतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा दंडक आहे.

तालिनमधील युक्ती

स्वीडनचे निकलास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस हे स्काइपचे संस्थापक. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर मात्र एस्टोनियाची राजधानी तालिन येथे आह्ती हेइन्ला, प्रीत कासेसालू आणि यान तालिन यांनी रचले. याच तिघांनी त्यापूर्वी ‘कझा’ हे फायलींच्या देवघेवीचे सॉफ्टवेअर लिहिले होते. मध्यवर्ती यंत्रावाचून संगणकांनी एकमेकांशी थेट जोडले जावे, हे त्याचे तत्त्व. तेच त्यांनी आवाजाला लावले. २९ ऑगस्ट २००३ रोजी स्काइप लोकांसाठी खुले झाले.

त्या काळच्या अशा इतर सॉफ्टवेअरमध्ये मोठी अडचण होती ती घरगुती व कार्यालयीन जोडणीची. अनेक संगणक एकाच बाह्य पत्त्याआड असतात आणि मधले उपकरण सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्यासारखे वागते. आतून गेलेल्या पत्राचे उत्तर तो आत सोडतो, अनाहूत पाहुण्याला मात्र परत पाठवतो. दोन्ही बाजूंना असे पहारेकरी असतील तर कॉल जुळायचा कसा? स्काइपने तिसऱ्या संगणकाला मध्यस्थ केले. तो दोघांची गाठ घालून देई आणि थेट जोडणी जमलीच नाही, तर आवाज आपल्यामार्फत पुढे पाठवी.

हे मध्यस्थ कंपनीचे नव्हते. ज्यांची जोडणी वेगवान व खुली असे, अशा सामान्य वापरकर्त्यांचेच संगणक ‘सुपरनोड’ म्हणून कामाला लावले जात. यंत्रे, वीज, बँडविड्थ सारे काही लोकांचे! कंपनी कॉल फुकट देऊ शकली ती यामुळेच. अनेकांना तर आपला संगणक परक्यांचे संभाषण वाहून नेतो आहे, याची कल्पनाही नव्हती.

या रचनेचा कच्चा दुवा १६ ऑगस्ट २००७ रोजी उघड झाला. विंडोजच्या नियमित अद्ययावतीकरणानंतर जगभरचे असंख्य संगणक थोड्याच अवधीत बंद होऊन पुन्हा सुरू झाले. मध्यस्थ संगणक नाहीसे झाले आणि परत येणाऱ्यांची एकच झुंबड उडाली. त्यातच सॉफ्टवेअरमधील एक दोष आडवा आला आणि सेवा सुमारे दोन दिवस कोलमडली. उसनवारीच्या खांद्यांवर उभी इमारत खांदे बाजूला झाल्यावर डगमगणारच.

खिशातील फोनने गणित बदलले

मार्च २००९मध्ये स्काइप आयफोनवर आले. संगणक तासन्‌तास चालू राहतो. मोबाइलची बॅटरी मात्र मोजकी. वायफायवरून मोबाइल जाळ्यात जाताच त्याचा पत्ता बदलतो. असा फोन दुसऱ्यांचे ओझे काय वाहणार? शिवाय अॅप बंद असतानाही कॉलची वर्दी द्यायची, तर सदैव जागा असणारा कोणीतरी हवाच. २०११ साली मायक्रोसॉफ्टने ८५० कोटी डॉलरला स्काइप विकत घेतले आणि पुढच्या वर्षापासून सुपरनोडचे काम आपल्या डेटा सेंटरमध्ये हलवले. खर्च आता कंपनीच्या माथी आला आणि त्याबरोबर जाळ्याची सूत्रेही तिच्याच हाती एकवटली. २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या अमेरिकी गुप्तचर कागदपत्रांत स्काइपचे नाव आले, तेव्हा सूत्रे कोणाकडे हा प्रश्न केवळ तांत्रिक उरला नाही.

दरम्यान, अवघड कामे एकेक करून सर्वांसाठी खुली झाली. स्काइपचा ‘सिल्क’ कोडेक आणि ‘सेल्ट’ यांच्या मिलाफातून २०१२मध्ये ‘ओपस’ हा विनामूल्य कोडेक प्रमाणित झाला. गुगलने २०११मध्ये ‘वेबआरटीसी’चा स्रोत खुला केला. एकेकाळी तज्ज्ञांच्या तुकडीला वर्षे लागत ते काम आज छोटा गटही हाती घेऊ शकतो. व्हॉट्सअॅपने २०१५मध्ये कॉलची सोय आणली आणि एप्रिल २०१६मध्ये संभाषणाला टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक कवच दिले. मधले यंत्र कंपनीचे असले, तरी त्यातून जाणारे बोलणे कंपनीला ऐकता येऊ नये, हे त्यामागील तत्त्व. कोण कोणाशी, केव्हा व किती वेळ बोलले, ही माहिती मात्र या कवचात झाकली जात नाही.

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. लोकांच्या संगणकांवर उभे राहिलेले हे जाळे एका कंपनीच्या निर्णयाने मिटले. नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आवाज कसा पाठवावा, याची उत्तरे आता आयती मिळतात. मध्यस्थ यंत्राचे भाडे कोण भरणार आणि त्याच्या बदल्यात वापरकर्त्याकडून काय घेणार, याचे उत्तर कोणत्याही कोडेकमध्ये नाही. ‘फुकट’ची पाटी पाहून अॅप उतरवून घेणाऱ्यानेही हाच प्रश्न आधी विचारलेला बरा.