जुन्या टी-शर्टची गोधडी : कात्रीच्या आधी हिशेब

जुनी लुगडी-धोतरे एकावर एक घालून गोधडी शिवणे आपल्या भगिनींना नवे नाही. आता गिऱ्हाईक जुने टी-शर्ट घेऊन येते. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, पुढे इतर शहरांतही शर्यती वाढल्या आणि शर्यतीगणिक एक टी-शर्ट घरात येऊ लागला. अंगात घातला जात नाही, टाकवतही नाही. घरबसल्या शिवण करणाऱ्यांना हे काम चांगले आहे. मात्र लुगड्याचा अनुभव येथे चालत नाही. मी तो धडा नुकसान करून शिकलो.

लुगडे मागावरचे. ताणा-बाणा असल्याने कापड जागचे हलत नाही. टी-शर्ट होजियरीचा, फाशांचा. कापताच कडा गुंडाळतात, मशीनखाली ताणला जातो. पहिल्याच कामात आमच्या कारीगराने चोवीस टी-शर्ट सरळ कापून जोडले. गोधडी भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली आणि एका शर्टावरची छापील ओळ अर्धी कापली गेली. ते कपडे त्या बाईंच्या मयत पतीचे होते. मी शिलाई घेतली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. धंद्यात थान खराब झाले तर दुसरे मागवता येते. ही तर अमानत. तो शर्ट मी कोणत्या बाजारातून आणणार होतो?

तेव्हापासून कात्री शेवटी. आधी चिठ्ठी : कोणता शर्ट, छाती घ्यायची की पाठ, हे गिऱ्हाइकासमोर लिहून सही घ्यावी. मग शर्ट धुऊन, घड्या घालून जमिनीवर मांडावेत. दोन काळे शेजारी नकोत, गडद रंग एका कोपऱ्यात साचू नयेत. स्टुलावर उभे राहून मोबाइलवर फोटो काढला की चूक लगेच दिसते.

माप असे. तयार चौकोन १३ इंच, मध्ये व कडेला सुती कापडाची २ इंचांची पट्टी. चार आडवे, सहा उभे, म्हणजे २४ शर्टांची गोधडी ६२ बाय ९२ इंच. एका माणसाच्या पलंगाला पुरेशी. पट्टी केवळ शोभेची नाही, होजियरीला तीच धरून ठेवते.

प्रत्येक शर्टाचा १८ इंचांचा कच्चा तुकडा काढून उलट्या बाजूने पातळ फ्यूजिंग चिकटवावे, नंतरच १४ इंचांवर नेमके कापावे. अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. मध्यबिंदू गळ्यापासून नव्हे, छपाईपासून मोजावा. रबरी छपाईवर इस्त्री थेट टेकवू नये, सुती फडके ठेवावे. पॉलिस्टरच्या जर्सीला उष्णता कमी. मशीनला होजियरीची गोल टोकाची सुई लावावी.

३६ इंच पन्ह्याचे फ्यूजिंग साडेपाच मीटर लागते, सहा घ्यावे. त्याच पन्ह्याचे अस्तर पाच मीटर, तेही आधी धुऊन, नाहीतर नंतर आटते. आत पातळ थर पुरे, टी-शर्टच जड असतात.

दर सांगताना निव्वळ शिलाई धरू नका. मांडणी, फ्यूजिंग आणि कापणी यांतच बहुतेक वेळ जातो. तो न धरता घेतलेले काम अंगावर येते. उरलेल्या बाह्या आणि गळे पिशवीत भरून गोधडीबरोबर परत द्यावेत. एका गिऱ्हाइकाने त्यांतूनच उशीचे दोन अभ्रे शिवून घेतले.