आजी, जॅझ आणि भगवानदादा

‘‘खांदा! फक्त खांदा!’’ सर ओरडतात. शनिवारची संध्याकाळ, पार्ले ईस्टमधला एक छोटा हॉल आणि आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून आखडलेले आम्ही. डोकं स्थिर, कंबर स्थिर, हलायचा तो एकटा खांदा. जॅझ डान्समध्ये याला आयसोलेशन म्हणतात. दिसतं सोपं. करून बघा!

घरी आरशासमोर प्रॅक्टिस चालली होती, तर आजी म्हणाली, ‘‘अगं, हे तर आमच्या भगवानदादांचं!’’ मी खो खो हसले. जॅझ म्हणजे ब्रॉडवे. फार तर शामक दावर आणि १९९७चा ‘दिल तो पागल है’. भगवानदादा? ते तर गणपतीच्या मिरवणुकीत! मग वाचायला बसले आणि हसू जिरलं.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी ताल सोडला नाही. त्यांच्या वंशजांच्या नाचातून जॅझ डान्स घडला. १९२०च्या दशकात चार्ल्सटन गाजला, पाठोपाठ हार्लेमचा लिंडी हॉप. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड आपल्या ताजमध्ये वाजवायला आला. ते संगीत गोव्याच्या वादकांनी उचललं. त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट (खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ) पुढे सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या चितळकरांबरोबर काम करू लागला. १९५१च्या ‘अलबेला’तल्या एका गाण्यात तो बँडसकट पडद्यावर दिसतो. आणि त्या तालावर नाचतोय कोण? गिरणी कामगाराचा मुलगा, भगवान आबाजी पालव! गुडघे किंचित सैल, छोटी छोटी पावलं, खांदे आणि हात डोलतायत. अवघड स्टेप एकही नाही.

खरा धक्का पुढेच होता. स्टेजवरच्या जॅझला शिस्त लावणाऱ्यांमध्ये जॅक कोल हे मोठं नाव. १९५३च्या ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मध्ये मेरिलिन मन्रोला नाचवणारा तोच. हा बाबा चक्क भरतनाट्यम शिकला होता! १९३०च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या नाइट क्लबांत त्याने त्या हालचाली स्विंगवर बसवल्या. माझं भरतनाट्यम दहावीच्या क्लासपायी सुटलं, ते कायमचंच असं धरून चालले होते. पण पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, ‘‘मान आधीच तयार दिसतेय.’’

रविवारी आजीसोबत ‘अलबेला’ पाहिला. तिचे गुडघे दुखतात, पण सोफ्यावर बसल्या बसल्या खांदे बरोब्बर तालात. मग मी उभी राहून करून दाखवलं.

‘‘जोर फार लावतेस,’’ ती म्हणाली. ‘‘दादा कुठे लावतात?’’