एकवीस ते एकशे दहा

दसरा आला की इंदापूर-बारामतीकडच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेले छायाचित्र छापून येते. नारळ, हळदकुंकू, हातात पेटता टेंभा घेतलेले चेअरमन आणि मागे दाटीवाटीने उभे असलेले संचालक. खाली ओळ असते, ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात’. त्याआधी पावसाळ्यात मिल रोलरचे पूजन उरकलेले असते, नंतर गव्हाणीत मोळी पडते आणि गाळप सुरू होते. या तिन्ही प्रसंगी भाषणे होतात ती साखरेच्या भावाची, उसाच्या किमान दराची म्हणजे एफआरपीची आणि शेजारच्या कारखान्याने दिलेल्या जादा पैशांची. पण ज्या बॉयलरला कुंकू लावले तो गेल्या पंचवीस वर्षांत मुळापासून बदलला आहे आणि त्या आवारात साखर कारखान्याच्या जोडीला एक वीज केंद्र उभे आहे, हे क्वचितच कोणी बोलून दाखवते.

तशी केंद्रे या दोन तालुक्यांत थोडी नाहीत. इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. नीरेच्या डाव्या कालव्याने इथे ऊस आणला, उजनीच्या फुगवट्याने तो वाढवला. यंत्रांची ओळखही जुनीच. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात नीरेकाठी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि पुढे त्याच वालचंदनगरात इतरांचे कारखाने घडू लागले. साखरेची यंत्रसामग्री, बॉयलर, गिअरबॉक्स, अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भाग, असा त्या गावाचा पसारा आहे. देशातल्या मोठमोठ्या वीज केंद्रांचे लोखंड घडवणारे गाव आपल्याच तालुक्यात आहे, याचा इंदापूरकरांना अभिमान असतो. मात्र तो बहुधा पाहुण्यांना सांगण्यापुरता.

जुन्या साखर कारखान्यातला बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाची वाफ करायचा. वाफ आधी मिलच्या टर्बाइनवर आणि वीज करणाऱ्या छोट्या टर्बाइनवर जाई, तिथून दाब उतरलेली एग्झॉस्ट वाफ रस आटवायला. कारखान्याची स्वतःची गरज भागली की काम संपले. बॉयलरमध्ये जाळायचा बगॅस, म्हणजे रस काढलेला उसाचा चोथा, उरला तर पंचाईतच व्हायची, कारण तो ठेवायचा कुठे आणि आग लागली तर काय? म्हणून बॉयलर अकार्यक्षम असणे ही एका अर्थी सोयच होती. बगॅस पोटभर खायचा आणि मागे काही उरू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम.

हिशेब बदलला तो वीज विकता येऊ लागल्यावर. रस आटवायला लागणारी वाफ अगदी कमी दाबाची, सव्वाशे-एकशेतीस अंशांची असते. बॉयलरमध्ये दाब २१ असो वा ११०, वाफेला शेवटी तिथेच उतरायचे आहे. पण उतार जितका मोठा, तितकी वाटेत टर्बाइनला मिळणारी ताकद जास्त. गंमत अशी की ११० किलो दाबाची, ५४० अंशांची एक किलो वाफ करायला २१ किलोच्या वाफेपेक्षा जेमतेम दहा-बारा टक्के जास्त उष्णता लागते. वीज मात्र दुपटीहून अधिक मिळते. म्हणून आधी ४५, मग ६७, मग ८७ आणि आता ११० असे टप्पे पडत गेले. २००२ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने या विजेचा दर ठरवून दिला आणि २००८ च्या राज्य धोरणाने एक हजार मेगावॉटचे लक्ष्य ठेवले, तेव्हा सहकारी कारखान्यांनी को-जनसाठी, म्हणजे साखरेबरोबर वीज करण्याच्या प्रकल्पांसाठी, कर्जे काढली.

एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो आणि त्यात निम्मे पाणी असते. किलोमागे सव्वादोन किलो वाफ धरली तर टनामागे सव्वासहाशे ते पावणेसातशे किलो वाफ हाती येते. जुना कारखाना त्यातली पाचशे किलो रस आटवण्यातच संपवायचा. रस आटवायला फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर आणि कंटिन्युअस पॅन आले, मिलची वाफेची टर्बाइन काढून तिथे विजेच्या मोटारी बसल्या, आणि चांगल्या कारखान्यांत हा आकडा चारशेच्या खाली उतरला. वाचलेली वाफ टर्बाइनमधून कंडेन्सरकडे वळवून तिचीही वीज करता येते. सगळे जमले तर टनामागे शंभर-सव्वाशे युनिट तयार होतात आणि स्वतःची गरज भागवून ऐंशीच्या आसपास विकायला उरतात. हंगामात सहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला हे सुमारे चार कोटी ऐंशी लाख युनिट झाले.

कागदावर हे सोपे दिसते. पण माझ्या मते या साऱ्या प्रगतीत टर्बाइनपेक्षा मोठी गोष्ट पाण्याची आहे. बॉयलरचे पाणी बहुतेक कारखान्यातूनच परत येते, म्हणजे रस आटवताना थंड होऊन पाणी झालेली वाफच पुन्हा वापरली जाते. इव्हॅपोरेटरची एखादी नळी गळली की त्या पाण्यात साखर उतरते. जुन्या बॉयलरला थोडी साखर चालून जायची. पाणी फेसाळले, रंग बदलला तर फायरमन ब्लो डाउन मारायचा, म्हणजे थोडे पाणी बाहेर सोडायचा, आणि पुढे निघायचा. ११० किलोच्या ड्रममध्ये पाणी तीनशे अंशांच्या वर असते. तिथे साखर फुटून तिची आम्ले होतात, पाण्याचा पीएच कोसळतो आणि नळ्या आतून खाल्ल्या जातात.

म्हणून अशा प्रत्येक कारखान्यात एक साधी परीक्षा रात्रंदिवस चालू असते. परीक्षानळीत थोडे कंडेन्सेट, म्हणजे ते परत आलेले पाणी, घ्यायचे, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे चार-पाच थेंब टाकायचे आणि नळी तिरकी धरून कडेकडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचे. आम्ल जड असल्याने तळाशी बसते. दोन थरांच्या सांध्यावर काही दिसले नाही तर पाणी स्वच्छ. जांभळे कडे उमटले तर साखर आली. मग फोन जातो, व्हॉल्व्ह फिरतो आणि ते पाणी बॉयलरकडे न जाता दुसरीकडे वळते. आता कंडक्टिव्हिटीचे मीटर बसलेत, कंट्रोल रूमच्या पडद्यावर रेघा पळतात, तरी खात्री करायला ही नळी लागतेच. पहाटे तीनच्या पाळीत ते कडे बघणारा केमिस्ट झोपलेला नसणे, यावर कोट्यवधींचा बॉयलर उभा असतो. सिलिकाचे तसेच. जास्त दाबाला तो वाफेबरोबर उडतो आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखा थर धरतो, म्हणून पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लांट आला. दाब वाढला तशी कारखान्याच्या सवयींत शिस्त वाढवावी लागली. जिथे ती वाढली नाही तिथे नवा बॉयलर जुन्यापेक्षा जास्त वेळा बंद पडतो.

आणखी एक भांडण जुनेच आहे. मिलमध्ये उसाच्या चोथ्यावर गरम पाणी मारले की साखर जास्त निघते, पण बगॅस ओला होतो. केमिस्टला साखर हवी, बॉयलरवाल्याला कोरडा बगॅस. पूर्वी केमिस्टच जिंकायचा, कारण पैसा साखरेत होता. वीज विकू लागल्यावर ओलाव्याचा एकेक टक्का दोघांच्या बैठकीत गाजू लागला.

देखभालीची रीतही पालटली. पूर्वी उन्हाळ्यात हंगाम संपून पट्टा पडला की सगळे खोलायचे, सगळे घासायचे, सगळे पुन्हा बसवायचे. त्यातून काही चांगली चालणारी यंत्रे खोलून बिघडायची, हे जुने फिटर हसत सांगतात. आता नळ्यांची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजतात, वळणांवर आणि इकॉनॉमायझरमध्ये जास्त बारकाईने. टर्बाइनची कंपने आणि तेलाचे अहवाल पाहून ती खोलायची की नाही ते ठरते. बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक येतात, बॉयलरमध्ये पाणी भरून चालू दाबापेक्षा जास्त दाब देऊन तपासतात आणि मगच परवाना मिळतो. ज्या कायद्याखाली हे होत आले तो १९२३ चा. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

नवी डोकेदुखी हार्वेस्टरची. तोडणी मजुरांची टंचाई वाढली तशी यंत्राची तोडणी वाढली, आणि यंत्र उसाबरोबर पाचट आणि मातीही आणते. माती बगॅसमधून भट्टीत जाते, वाळूचे कण नळ्या घासत धुराड्याकडे निघतात. जी नळी पूर्वी अनेक हंगाम टिकायची ती लवकर बदलावी लागते. डिस्टिलरीचे सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, जाळणारे इन्सिनरेशन बॉयलर तर याहून त्रासाचे. त्यातल्या पोटॅशचे क्षार नळ्यांवर चिकटून बसतात आणि ऐन हंगामात थांबून साफसफाई करावी लागते. राखेतले पोटॅश खत म्हणून विकता येते, एवढाच दिलासा. तरी नदीत स्पेंट वॉश सोडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. भीमा आणि नीरा काठच्या माणसाला ते वेगळे सांगायला नको.

मग अडचण कुठे आहे? दरात. पहिले वीज खरेदी करार तेरा वर्षांचे होते. ते संपले आणि नंतरच्या निविदांत दर युनिटला पाच रुपयांच्या आत आले. २०२४ मध्ये राज्य सरकारने युनिटमागे दीड रुपयापर्यंत तात्पुरते अनुदान जाहीर केले, म्हणजे दर परवडत नाही हे सरकारनेही मान्य केले. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि शेतकऱ्याला मोटार दिवसा चालवता येते. इंदापूर तालुक्यात रात्री दोनला उठून मोटार चालू करायला गेलेल्यांना हा फरक कळतो. को-जनने त्या दिवसाच्या विजेशी स्पर्धा करू नये, हरणारच.

पण सूर्य मावळल्यावर ग्रिडला वीज लागते आणि को-जनचा हंगाम नेमका हिवाळ्याच्या लांब रात्रींचा. बगॅस साठवता येतो, ऊन येत नाही. उजनीच्या पायथ्याचे १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आणि घाटघरचे २५० मेगावॉटचे उदंचन केंद्र पाणी वर चढवून जे साधतात, ते इथे बगॅसच्या ढिगातून होऊ शकते. अर्थात ११० किलोचा बॉयलर रोज संध्याकाळी पेटवून सकाळी विझवता येत नाही. त्याचा जाड ड्रम हळूहळू तापवावा लागतो; घाई केली तर धातूला थकवा येतो. शिवाय गाळप चोवीस तास चालते, त्याला वाफ लागतेच. शक्य आहे ते एवढे की दिवसा बॉयलर कमी भारावर ठेवायचा, कंडेन्सरकडे जेमतेम लागेल तेवढीच वाफ सोडायची, बगॅस मागे टाकायचा आणि संध्याकाळी सहा ते दहा भार चढवून तोच बगॅस जाळायचा. त्यासाठी बगॅसला झाकलेली जागा हवी, कमी भारावरही नीट जळणारी भट्टी हवी आणि करारात दिवसाच्या युनिटचा दर वेगळा, रात्रीच्या युनिटचा वेगळा हवा. पहिल्या दोन गोष्टी कारखान्याचा चीफ इंजिनिअर ऑफ सीझनमध्ये करून देईल. तिसरी मुंबईत, वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत मागावी लागेल, आणि तिथे एफआरपीच्या सभेला जमते तेवढी गर्दी अजून तरी जमत नाही.