वादाचा अधिकार कोणास?

१८६९ सालीं मुंबईंत एक पुनर्विवाह लागला आणि सनातनी समाज खवळला. पुढच्याच वर्षीं पुण्यांत शंकराचार्यांपुढें त्यावर वाद ठरला. उभय पक्षांनीं पांच पांच पंच नेमले. बोलावयाचें तें शास्त्रज्ञांनींच.

ह्या निर्बंधास कारण होतें. न्यायशास्त्र वाद, जल्प व वितंडा असे भेद करतें. वादांत तत्त्वनिर्णय साधावयाचा, जल्पांत जय. वितंडेंत तर स्वपक्ष न मांडतां नुसतें खंडन! प्रमाणें उभयतांस मान्य असल्यावांचून वाद संभवत नाहीं. म्हणून अधिकार पाहावयाचा.

सुधारकांचे अग्रणी विष्णुशास्त्री पंडित संस्कृतज्ञ, म्हणून त्यांस तेथें उभें राहतां आलें. ज्यांच्या जन्माचा प्रश्न, त्या विधवांस मात्र शास्त्रग्रंथ कोणीं शिकविलेच नव्हते. निर्णय पुनर्विवाहाविरुद्ध लागला. विष्णुशास्त्र्यांनीं पुढें स्वतःच एका विधवेशीं विवाह केला.