उसण एकाची, गोळी साऱ्या चाळीची

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. लालबागच्या एका चाळीतील सासूबाई सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेची पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते, सकाळी मळमळत होते. बातमी गोडच होती. तपासून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारले, "सध्या काही औषध चालू आहे का?"

सून "नाही" म्हणाली. सासूबाईंनी मात्र पिशवीतून गोळ्यांचे एक रिकामे पाकीट काढून टेबलावर ठेवले. "हिची कंबर धरली होती म्हणून या दिल्या. तुमच्याच आहेत, डॉक्टर."

पाकीट पाहून मी चरकलो. गोळी थायोकोल्चिकोसाइडची होती, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी. लिहून दिली होती मीच. पण या घरातल्या कोणालाही नाही!

चौकशी केली तेव्हा पाकिटाचा प्रवास कळला. मंडपाचे बांबू उचलताना चाळीतल्या एका कार्यकर्त्याच्या कमरेत उसण भरली होती. आईने मिठाचा शेक दिला, शेजारच्या पायाळू मुलाकडून पाठीला लाथ मारवून घेतली, आणि मग स्वारी माझ्याकडे आली. मी पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहिल्या. चार गोळ्यांत त्याला बरे वाटले. उरलेल्यांपैकी तीन शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांनी मान आखडली म्हणून घेतल्या. एक तर रात्री थोडी 'घेतल्यावर'. दुसऱ्या दिवशी लालबागच्या उड्डाणपुलावर त्यांना डुलकी लागली आणि गाडी कठड्याला घासली. थोडक्यात निभावले. शेवटच्या तीन गोळ्या सासूबाईंच्या डब्यात आल्या आणि तिथून सुनेच्या पोटात गेल्या.

वाचकहो, यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. चाळीत साखर मागतात तशीच गोळी मागितली गेली. पण ही गोळी साखरेसारखी नाही.

उसण भरते म्हणजे काय? स्नायू किंवा त्याचे बंध अचानक ताणले जातात आणि दुखऱ्या जागेला जपण्यासाठी भोवतालचे स्नायू आवळून बसतात. ही गोळी त्या स्नायूवर जाऊन बसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या जातीची बहुतेक औषधे काम करतात ती मेंदू आणि मज्जारज्जूवर. गोळीला तुमची कंबर कुठे आहे हे ठाऊक नसते. म्हणूनच गुंगी येते, तोल जातो. आणि वर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर गुंगी वाढते.

थायोकोल्चिकोसाइडचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात कोकणात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी आठवते? तिच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून हे औषध बनवतात. बाळंतपणाच्या कळा लावणारी म्हणून तिला हे नाव पडले आणि ती विषारी आहे हे जुन्या बायका जाणून होत्या. औषधाचा धोका मात्र निराळा. शरीरात त्याचे रूपांतर होताना तयार होणारा एक पदार्थ वाढत्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली बंधने सुचवली: पोटातून घ्यायचे तर जास्तीत जास्त सात दिवस, सोळा वर्षांखालील मुलांना नाही, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना नाही, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर संततिनियमनाशिवाय नाही.

मग गोळीचा गुण तरी किती? २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ३१ चाचण्यांचा, साडेसहा हजारांवर लोकांचा आढावा आला. दुखणे शंभराच्या मापाने मोजले, तर कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी आठाहूनही कमी अंकांचा फरक पडत होता, आणि तोही खात्रीने सांगता येण्याजोगा नव्हता. चार दिवस रात्रीची झोप लागावी म्हणून मी ती कधीकधी देतो. पण बरे करते ते शरीरच. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत आपोआप ओसरते. शेक घ्या, सोसेल तेवढे चालत राहा, अंथरुणाला खिळू नका, जड उचलू नका. लाथ मात्र नको. हाड ठिसूळ असेल तर भलतेच व्हायचे.

काही वेळा मात्र गोळी आणि शेक दोन्ही बाजूला ठेवून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जायला हवे. पायातली शक्ती गेली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली तर तासाचाही उशीर नको. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे लवकर पाहावे लागते. पडल्यानंतरचे दुखणेही अंगावर काढू नये.

सुनेला मी परळच्या के.ई.एम.मध्ये पाठवले. तीन गोळ्यांनी बाळाला अपाय होतोच असे नाही, हे मी तिला सांगितले आणि ते खरेही होते. पण त्या घराने पुढचे आठ महिने कसे काढले, ते मी पाहिले. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री सासूबाईंना झोप नसे. चैत्रात मुलगी झाली, अगदी धडधाकट.

चूक माझीही होती. दहा गोळ्या लिहिताना "उरल्या तर कोणाला देऊ नका" एवढे चार शब्द मी बोललो नव्हतो. आता बोलतो, आणि गोळ्याही मोजक्याच लिहितो. तुम्ही आज एवढेच करा: घरातला औषधांचा डबा उघडा आणि कोणाच्या तरी जुन्या उसणीची उरलेली गोळी त्यात असेल, तर ती काढून टाका.