एका घरातील दोन पंचांगे



‘लायब्ररी’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे उभी राहतील. संगणकाच्या व्यवसायात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. एकाने लिहून ठेवलेला आणि इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावयाचा आज्ञांचा तयार संच, त्याला तेथे लायब्ररी म्हणतात. तारखांचा हिशेब करणारी एक, चित्रे लहानमोठी करणारी दुसरी, अशा त्या असंख्य आहेत. बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा प्रोग्रॅम आज कोणी पहिल्या अक्षरापासून स्वतः लिहीत बसत नाही. तो सुट्या विभागांचा बनलेला असतो. प्रत्येक विभाग काही लायब्रऱ्यांवर विसंबतो आणि त्या लायब्रऱ्या आणखी दुसऱ्यांवर. येथवर सारे सोयीचेच आहे.

अडचण उद्भवते ती आवृत्त्यांमुळे. लायब्ररी लिहिणारा मनुष्य स्वस्थ बसत नाही. तो चुका दुरुस्त करतो, नवी भर घालतो, कधी जुने मोडून नव्याने बांधतो. म्हणून आवृत्तीला तीन आकडे देण्याची टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली रीत आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. उदाहरणार्थ २.१४.१. शेवटचा आकडा वाढला तर ती केवळ दुरुस्ती. मधला वाढला तर नवी भर, जुने अबाधित. पहिला वाढला तर मात्र जुन्या वापरणाऱ्यांनी सावध व्हावे. हे आकडे म्हणजे वस्तुतः लेखकाने दिलेले वचन आहे. ते पाळले गेले की नाही, हे आकड्यांवरून कळत नाही.

आता असे पहा. एका घरात थोरले दाते पंचांग पाहतात आणि धाकटे टिळक पंचांग. वर्षातील बहुतेक दिवस दोघांचे ठीक जमते. पण एखाद्या वर्षी सणाच्या दिवसातच फरक पडतो, आणि पुरण कोणत्या दिवशी शिजवावयाचे हा प्रश्न उभा राहतो. प्रोग्रॅमचेही तसेच होते. हिशेबाच्या विभागाला एका लायब्ररीची पहिली आवृत्ती हवी असते आणि पावत्यांच्या विभागाला तिचीच दुसरी. जावा भाषेच्या व्यवहारात सामान्यतः घरात एकच पंचांग राहते. मावेन हे साधन मुख्य प्रोग्रॅमपासून सर्वांत जवळच्या पायरीवर नोंदलेली आवृत्ती निवडते. अंतर सारखे असेल तर जिचा उल्लेख आधी, ती. ही निवड योग्यायोग्यतेची नव्हे, केवळ क्रमाची आहे! परिणाम असा की प्रोग्रॅम तयार होतो, चालूही लागतो. आणि एखाद्या दिवशी कोणी क्वचित लागणारी पावती मागितली की ‘अशी क्रिया येथे नाही’ म्हणून मध्येच थांबतो.

येथे कोणी विचारील, मग प्रत्येकाला आपापले पंचांग का देऊ नये? नोडच्या जगात तसेच करतात. मतभेद झाला की दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवतात. जागा अधिक लागते, ते एक वेळ सोसता येईल. परंतु एका विभागाने पहिल्या आवृत्तीने बनविलेली वस्तू दुसऱ्या विभागाच्या हाती दिली, तर नाव तेच असूनही तो ती ओळखीलच असे नाही. भांडण मिटले असे दिसते. ते पुढे ढकललेले असते.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे लॉक फाइल. थेट व आडून आलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची नेमकी आवृत्ती तीत लिहिलेली असते, त्यामुळे आज चाललेला प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या यंत्रावरही त्याच साहित्याने बांधला जातो. हा उपाय उत्तम आहे. पण पुष्कळ ठिकाणी कुलूप एकदा लागते आणि किल्ली फडताळात जाते. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हे धोरण मला शहाणपणाचे वाटत नाही. ठराविक काळाने कुलूप काढावे, नव्या आवृत्त्या घ्याव्यात, चाचण्या लावाव्यात आणि मग पुन्हा बंद करावे.

असे का म्हणतो, ते लॉग४जे या लायब्ररीच्या इतिहासावरून ध्यानी येईल. प्रोग्रॅममध्ये घडणाऱ्या घटना लिहून ठेवणारी ही जावामधील नोंदवही, अपाची संस्थेच्या छत्राखाली स्वयंसेवकांनी सांभाळलेली. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यातील एक भयंकर छिद्र जाहीर झाले. बाहेरच्या माणसाने विशिष्ट मजकूर पाठवावा, तो नोंदवहीत उतरावा, आणि तेवढ्यानेच लायब्ररीने त्या माणसाच्या यंत्रावरून आज्ञा आणून चालवाव्यात, असा तो प्रकार होता. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या. २.१५.० निघाली, ती अपुरी ठरली म्हणून २.१६.०, आणि पाठोपाठ २.१७.०, सारे त्याच महिन्यात.

दुरुस्ती तर हाती आली, पण ती लावावयाची कोठे? अनेक ठिकाणी लॉग४जे कोणी मुद्दाम मागितलेलीच नव्हती. मागितलेल्या लायब्ररीच्या मागून तीनचार पायऱ्या उतरून ती आली होती. ज्यांच्यापाशी आवृत्त्यांची पुरी यादी होती, त्यांनी ती चाळून कामाला आरंभ केला. ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांना प्रत्येक यंत्रावरच्या जार फाइली उघडून, त्यांच्या पोटातील जार फाइलीही उघडून पाहाव्या लागल्या.